'मला येतं' ते 'आय कॅन': प्रौढ नवशिक्यांना क्षमतेविषयी इंग्रजीत बोलायला कसे शिकवावे

इंग्रजीतील 'कॅन' या शब्दाचा अर्थ विचारला, तर मराठी माध्यमातून शिकलेला जवळजवळ प्रत्येक जण 'शकणे' असे सांगतो. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु बोलायला शिकवताना ते फारसे कामाला येत नाही, असा लालबाग-परळ भागात संध्याकाळचे वर्ग घेताना मला आलेला अनुभव आहे. या वर्गांना येणारी मंडळी दिवसभराचे काम आटोपून येतात. त्यांत शिवणकाम करणाऱ्या बायका असतात, इमारतींचे रखवालदार असतात, रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या मावश्या असतात आणि दुचाकीवरून सामान पोहोचवणारी तरुण मुलेही असतात. 'तुम्हाला काय काय येतं?' असे त्यांना विचारले, की 'मला ब्लाउज शिवता येतो', 'मला उकडीचे मोदक येतात', 'मला स्कूटर येते' अशी उत्तरे मिळतात. 'मी ब्लाउज शिवू शकते' असे सहसा कोणी म्हणत नाही. साहजिकच हेच इंग्रजीतून सांगायची वेळ आली, की मनात 'येणे' असते आणि शाळेत पाठ केलेला 'कॅन' मात्र 'शकणे'च्या कप्प्यात पडून राहिलेला असतो. मग 'आय नो टेलरिंग', 'आय नो स्कूटर' असे काहीतरी तोंडून बाहेर पडते, किंवा धीर सुटला तर नुसतेच 'टेलरिंग, येस'.

म्हणून या विषयाची सुरुवात 'कॅन म्हणजे शकणे' या समीकरणाने न करता 'मला येतं म्हणजे आय कॅन' या जोडीने करावी. पुढे जे लिहिले आहे, ते अशा शिक्षकांसाठी आहे ज्यांचे विद्यार्थी प्रौढ आहेत, ज्यांना स्वतःचे नाव, गाव, काम आणि रोजचा दिनक्रम इंग्रजीत मोडकातोडका का होईना सांगता येतो, आणि ज्यांच्या हाताशी दीड-दीड तासाचे चार-पाच वर्ग आहेत.

आधी आपलीच भाषा तपासावी

वर्गात जाण्यापूर्वी शिक्षकाने मराठीत क्षमता किती प्रकारे सांगितली जाते, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. शिकून अंगी आणलेल्या कौशल्यासाठी आपण 'येणे' वापरतो: 'तिला पोहता येते.' ताकद, सवड किंवा शक्यता सांगायची असेल, तर 'शकणे' येते: 'मी सातपर्यंत पोहोचू शकतो.' शरीर साथ देत नाही असे सांगायचे असेल, तर क्रियापदाचेच रूप बदलते: 'आजीला आता जिना चढवत नाही.' मराठी व्याकरणात अशा क्रियापदांना शक्य क्रियापदे म्हणतात. आणि वेळेचे किंवा सोयीचे गणित असेल, तर 'जमणे' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो: 'उद्या यायला जमणार नाही.' इंग्रजीत या चारही ठिकाणी एकट्या 'कॅन'वर भागते. आपल्याकडे अनेक आणि इंग्रजीत एक, अशी सोयीची परिस्थिती भाषा शिकताना फार वेळा वाट्याला येत नाही. उलट प्रकारच अधिक आढळतो. तरीसुद्धा हे चारही अर्थ पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिण्याचा मोह टाळावा. पहिले दोन-तीन वर्ग फक्त 'येणे' या अर्थाला द्यावेत, कारण त्यात विद्यार्थ्याला स्वतःविषयी सांगण्यासारखे सर्वाधिक असते.

मराठी रचनेतील आणखी दोन गोष्टी शिक्षकाच्या ध्यानात असाव्यात. पहिली म्हणजे 'येणे'च्या वाक्यात माणसाला 'ला' लागतो: मला, तिला, त्याला. इंग्रजीत मात्र तो सरळ कर्ता होतो. 'त्याला गाडी चालवता येते' हे वाक्य डोक्यात घोळत असताना 'हिम कॅन ड्राइव्ह' असे बोलून जाणारा विद्यार्थी बेफिकीर नसतो. तो मराठीचा प्रत्यय इमानाने इंग्रजीत नेत असतो. 'मला'च्या बाबतीत तर गोंधळाला निमित्तच मिळते, कारण आपला 'मी' आणि इंग्रजीतला 'मी' ध्वनीने सारखे असून एक कर्ता आहे आणि दुसरा कर्म. दुसरी गोष्ट म्हणजे 'मला पोळी येते' आणि 'मला पोळ्या येतात' अशी आपली क्रियापदे वस्तूप्रमाणे बदलतात, तर 'कॅन' कशानेच बदलत नाही. ही दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावी. ती ऐकून वर्गाचा जीव भांड्यात पडतो.

गाळलेले क्रियापद परत आणावे

'मला स्कूटर येते', 'मला मोदक येतात', 'मला इंग्रजी येत नाही' या वाक्यांत मूळ क्रिया कुठेच नाही. स्कूटर चालवणे, मोदक करणे, इंग्रजी बोलणे यांतला दुसरा शब्द आपण बिनदिक्कत गाळतो आणि ऐकणाऱ्याचे काही अडत नाही. इंग्रजीत 'कॅन'च्या पुढे क्रियापद नसेल, तर वाक्य उभेच राहत नाही. 'आय कॅन स्कूटर' किंवा 'आय कॅन मोदक' हे त्यातूनच जन्माला येते. यावर नियम सांगण्यापेक्षा क्रियापदे आधी आणि 'कॅन' नंतर, असा क्रम ठेवणे हा खात्रीचा उपाय आहे.

पहिल्या वर्गाचा पहिला अर्धा तास फक्त क्रियापदांचा असावा. ही यादी छापील पुस्तकातून घेऊ नये. पुस्तकात घोड्यावर बसणे, बर्फावरून घसरणे आणि पियानो वाजवणे असते, आणि चाळीच्या खोलीत भरलेल्या वर्गात या तिन्हींचे उत्तर 'नाही' एवढेच येते. एखाद्या माणसाला त्याच्या नव्या भाषेतली पहिली दहा वाक्ये नकारार्थी बोलायला लावणे, हे मला अध्यापनाच्या दृष्टीने चूक आणि माणुसकीच्या दृष्टीने थोडे क्रूर वाटते. त्याऐवजी आदल्या वर्गाच्या शेवटी प्रत्येकाला मराठीत विचारून ठेवावे, की तुम्ही हाताने काय काय करता. त्या उत्तरांतून पंधरा-वीस क्रियापदे निवडावीत: शिवणे, मासे साफ करणे, चपात्या करणे, सायकल चालवणे, ढोल वाजवणे, पोहणे, हिशेब ठेवणे, रांगोळी काढणे, रक्तदाब मोजणे, नळ दुरुस्त करणे.

ही क्रियापदे शिकवताना आज्ञा आणि कृती यांची जोडी उपयोगी पडते. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात विकसित केलेल्या 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' या पद्धतीचा हाच गाभा आहे: शिक्षकाने आज्ञा द्यावी, विद्यार्थ्याने न बोलता ती कृतीने पाळावी, आणि बोलण्याची घाई कोणी करू नये. 'सो', 'स्विम', 'राइड अ बायसिकल', 'प्ले द ढोल' असे म्हणत जावे आणि वर्गाने हातवारे करावेत. प्रौढ माणसे सुरुवातीला संकोचतात, म्हणून पहिले पोहणे आणि पहिला ढोल शिक्षकाने स्वतः वाजवून दाखवावा. शिक्षकाची थोडी फजिती झालेली वर्गाला नेहमीच आवडते.

येथे एका मराठी क्रियापदासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा लागतो, ते म्हणजे 'चालवणे'. आपण सायकल चालवतो, टॅक्सी चालवतो, शिलाई मशीन चालवतो, दुकान चालवतो आणि होडीही चालवतो. इंग्रजीत सायकल आणि स्कूटर 'राइड' करतात, म्हणजे जिच्यावर पाय दोन्हीकडे टाकून स्वार होतात ती. रिक्षा, टॅक्सी आणि बस 'ड्राइव्ह' करतात, लोकलचा मोटरमनही गाडी 'ड्राइव्ह'च करतो. मशीन 'यूज' करतात आणि दुकान 'रन' करतात. याउलट आपण क्रिकेट खेळतो आणि ढोल वाजवतो, पण इंग्रजीत दोन्हीकडे 'प्ले'च चालते, फक्त वाद्याच्या आधी बहुधा 'द' लागतो. 'काढणे' हेही असेच फसवे आहे: चित्र 'ड्रॉ' करतात, फोटो मात्र 'टेक' करतात. हे सर्व एकाच दिवशी सांगण्याची गरज नाही. वर्गातल्या माणसांना ज्या वस्तू चालवता किंवा काढता येतात, तेवढ्यांपुरतेच सांगावे.

वाक्याची घडण

क्रियापदे तोंडात बसली, की त्यांच्यापुढे 'आय कॅन' लावणे हे काही मिनिटांचे काम आहे. शिक्षकाने स्वतःपासून सुरुवात करावी: 'आय कॅन मेक चपातीज. आय कॅन राइड अ बायसिकल.' मग प्रत्येकाने स्वतःची दोन खरी वाक्ये सांगावीत. खरी असण्याचा आग्रह धरावा, कारण खोट्या वाक्यात विद्यार्थी शब्द जुळवतो आणि खऱ्या वाक्यात तो बोलतो.

चुका कोणत्या येतील, हे आधीच माहीत असले की शिक्षक गडबडत नाही. 'आय कॅन टू स्विम' ही सर्वांत चिवट चूक आहे, आणि तिची एक मुळी मराठीत आहे: आपण 'पोहता येते' जितक्या सहजतेने म्हणतो तितक्याच सहजतेने 'पोहायला येते' असेही म्हणतो, आणि त्या 'पोहायला'मधला 'ला' इंग्रजीत 'टू' होऊन बसतो. दुसरी मुळी 'आय वॉन्ट टू' आणि 'आय लाइक टू' या आधी शिकलेल्या रचनांमध्ये असते. 'शी कॅन सोज' किंवा 'ही कॅन्स ड्राइव्ह' ही चूक रोजच्या दिनक्रमाचा वर्तमानकाळ नुकताच झालेला असेल, तर हमखास येते. महिनाभर 'ही, शी' दिसताच 'एस' लावा असे बजावल्यावर विद्यार्थ्याने ते ऐकले, तर दोष त्याचा नाही. 'आय कॅन एबल टू' हे तर अनेक वर्षे कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकू येते. 'कॅन' आणि 'एबल' हे एकाच कामाचे दोन गडी आहेत, एकाला बोलावले की दुसऱ्याला घरी ठेवायचे, एवढे सांगितले तरी पुरते.

या चुका दुरुस्त करताना वाक्य तोडू नये. विद्यार्थिनी 'आय कॅन टू सो' म्हणाली, तर 'ओह, यू कॅन सो! ब्लाउजेस?' असे सहज योग्य रूप परत करून बोलणे पुढे न्यावे. तीच चूक चार जणांकडून आली, की मग फळ्यावर लिहून 'टू'वर काट मारावी. फळ्यावर इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहावीत की नाही, यावर शिक्षकांमध्ये मतभेद आहेत. पहिल्या एक-दोन दिवशी उच्चारासाठी देवनागरीचा आधार द्यावा आणि तिसऱ्या दिवशी तो काढून घ्यावा, असे माझे मत आहे. त्यानंतरही तो राहिला तर विद्यार्थी रोमन लिपीकडे पाहतच नाही.

'कॅन' आणि 'कान्ट': कानाचा प्रश्न

या सबंध विषयात सर्वाधिक वेळ जेथे द्यायला हवा आणि सर्वांत कमी दिला जातो, ती जागा म्हणजे होकार आणि नकार यांतला ऐकण्याचा फरक. कागदावर दोन्ही रूपे स्वच्छ वेगळी दिसतात. कानाला तसे होत नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, ते होकारार्थी वाक्यात 'कॅन' ठसठशीत उच्चारत नाहीत. क आणि न यांच्यामधला स्वर इतका ओझरता होतो, की 'आय क्न स्विम' असे काहीसे ऐकू येते आणि सगळा जोर 'स्विम'वर पडतो. आपला विद्यार्थी मात्र शिकल्याप्रमाणे पूर्ण 'कॅन' ऐकण्याची वाट पाहत असतो. नकारात जोर उलट त्या शब्दावरच येतो, पण शेवटचा 'ट' पुढच्या व्यंजनात विरून जातो. अमेरिकी उच्चारात होकार आणि नकार या दोन्हींचा स्वर जवळजवळ एकच असतो, त्यामुळे 'कॅन्ट स्विम'मधला 'ट' निसटला की उरते ते 'कॅन स्विम', म्हणजे नेमका उलटा अर्थ. ब्रिटिश उच्चारात नकाराचा स्वर लांब 'आ' आहे, 'कान्ट', त्यामुळे 'ट' ऐकू आला नाही तरी अर्थ वाचतो.

यावरून माझी पद्धत ठरली आहे. बोलताना नकारासाठी 'कान्ट' हाच लांब स्वराचा उच्चार शिकवावा, कारण आपल्या कानाला आणि जिभेला 'ॲ' आणि 'आ' यांतला फरक 'ट' असण्या-नसण्यापेक्षा कितीतरी सोपा आहे. कॉल सेंटरमध्ये नोकरी शोधणाऱ्या तरुणांना अमेरिकी उच्चार ओळखायला मात्र शिकवावे, आणि त्यांना सांगावे की स्वर सारखा असला तरी जोर कुठे पडला ते ऐका: जोर क्रियापदावर असेल तर होकार, 'कॅन'सदृश शब्दावर असेल तर बहुधा नकार. दूरध्वनीवर किंवा मुलाखतीत गैरसमज परवडणार नसेल, तर 'कॅनॉट' असा पूर्ण शब्द उच्चारावा. तो थोडा औपचारिक वाटतो, परंतु कोणाचे त्यात नुकसान होत नाही. लिहिताना 'कॅनॉट' हा एकच शब्द आहे, त्याचे दोन तुकडे करायचे नाहीत, हेही त्याच वेळी सांगून टाकावे.

सरावासाठी एक साधा खेळ पुरेसा आहे. शिक्षकाने वर्गाकडे पाठ करून, म्हणजे ओठांची हालचाल दिसणार नाही अशा रीतीने, वाक्ये म्हणावीत. होकार ऐकू आला तर विद्यार्थ्यांनी उभे राहावे, नकार ऐकू आला तर बसून राहावे. पहिल्या फेरीत सावकाश बोलावे, दुसऱ्या फेरीत नेहमीच्या वेगाने, आणि तिसऱ्या फेरीत खिडकी उघडून रस्त्यावरचा गोंगाट आत येऊ द्यावा. मुंबईत हा शेवटचा भाग विनासायास साधतो. त्यानंतर विद्यार्थ्यांनी जोडीने पाठीला पाठ लावून बसावे आणि हाच खेळ एकमेकांशी खेळावा. येथे शिक्षकाला एक गोष्ट नक्की आढळेल: आपले विद्यार्थी नकार देताना मान हलवतात आणि आवाज बारीक करतात. पाठीला पाठ लागली की मान उपयोगाची राहत नाही आणि शब्दावर जोर देणे भाग पडते.

प्रश्न आणि उत्तर

मराठीत प्रश्न करायचा तर वाक्य आहे तसे ठेवून शेवटी 'का' जोडला की झाले. इंग्रजीत 'यू' आणि 'कॅन' यांना जागा बदलावी लागते, आणि ही अदलाबदल समजावून सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे जाते. एकेका शब्दाच्या चार पाट्या चार विद्यार्थ्यांच्या हातात देऊन त्यांना रांगेत उभे करावे. प्रश्न विचारायची वेळ आली की पहिल्या दोघांनी जागा बदलाव्यात आणि शेवटच्याच्या शेजारी प्रश्नचिन्ह घेऊन पाचवा येऊन उभा राहावा. 'डू यू कॅन स्विम' असे विचारणाऱ्याला 'डू'ची पाटी धरणारा माणूस रांगेत नाहीच, हे डोळ्यांनी दिसते. 'यू कॅन स्विम?' असा नुसता सूर चढवून विचारलेला प्रश्न बोलण्यात खपतो, त्यामुळे तो ऐकून कपाळाला आठ्या पाडू नयेत, पण सराव अदलाबदलीचाच घ्यावा.

लहान उत्तरांच्या बाबतीत मराठी आपल्याला साथ देते. 'शिवता येतं का?' असे विचारल्यावर आपण 'शिवता येतं' असे सबंध न म्हणता 'हो, येतं' एवढेच म्हणतो. म्हणजे मूळ क्रिया गाळून मदतीचे क्रियापद परत करतो. 'येस, आय कॅन' अगदी हेच करते. हे साम्य दाखवून दिले की 'येस, आय कॅन सो' किंवा 'येस, आय डू' असली उत्तरे आपोआप कमी होतात. या उत्तरात 'कॅन' पूर्ण आणि जोराने उच्चारायचा असतो. ओझरता 'क्न' वाक्याच्या शेवटी चालत नाही.

'कॅन यू'ने सुरू होणारा प्रत्येक प्रश्न क्षमतेचा नसतो, हेही जाता जाता सांगावे. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी 'कॅन यू मूव्ह अ लिटल?' असे कोणी विचारले, तर 'येस, आय कॅन' म्हणून आहे तिथेच बसून राहणे हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि व्यवहारात धोक्याचे आहे.

'काही येत नाही' म्हणणाऱ्यांविषयी

आपल्याकडे स्वतःच्या गुणांविषयी बोलताना पाऊल मागे घेण्याची रीत आहे. वीस वर्षे सगळ्या चाळीचे ब्लाउज शिवणारी बाई 'जमतं आपलं थोडंफार' म्हणते, आणि इंग्रजीच्या वर्गात ती 'मॅडम, मला काहीच येत नाही' म्हणून गप्प बसते. हा संकोच भाषेच्या अडचणीशी गल्लत करू नये. त्यावर मला उपयोगी पडलेला मार्ग असा, की पहिल्यांदा तिने स्वतःविषयी न बोलता शेजारणीने तिच्याविषयी बोलावे: 'शी कॅन सो. शी कॅन मेक पुरणपोळी.' दुसऱ्याची स्तुती करायला आपण कधी कचरत नाही. त्यामुळे 'ही' आणि 'शी'चा सरावही होतो आणि जिच्याविषयी बोलले जाते, ती हसत हसत 'अ लिटल' असे दुरुस्त करते, म्हणजे पुढचा धडा तिनेच सुरू केलेला असतो.

तो पुढचा धडा म्हणजे किती चांगले येते, हे सांगणे. 'व्हेरी वेल', 'क्वाइट वेल', 'अ लिटल' आणि नकारासोबत 'ॲट ऑल' एवढे चार प्रकार पुरतात. 'वेल' वाक्याच्या शेवटी येते, हे ऐकून ऐकून बसते. 'आय कॅन व्हेरी वेल सो' असे आले तर पुन्हा म्हणून दाखवावे. 'गुड'ऐवजी 'वेल' का, याची चर्चा नवशिक्यांसमोर नको. मात्र नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी, की समोरचा माणूस 'अ लिटल'चा अर्थ शब्दशः घेतो. त्यामागचा आपला विनय त्याला दिसत नाही. 'कॅन यू ड्राइव्ह?' असे नोकरीसाठी विचारले जाते, तेव्हा त्यात परवान्याचाही प्रश्न दडलेला असतो, म्हणून 'येस, आय कॅन. आय हॅव अ लायसन्स' असे दोन्ही सांगायला शिकवावे. आणि खरोखरच येत नसेल, तर नुसते 'नो, आय कान्ट' म्हणून थांबणे तुटक वाटते; 'बट' जोडून काय येते ते सांगावे: 'आय कान्ट यूज अ कम्प्युटर, बट आय कॅन लर्न.'

मंडळाच्या कामाची वाटणी

वर्गात एकमेकांना 'कॅन यू स्विम, कॅन यू डान्स' विचारत फिरणे आणि तक्त्यात खुणा करणे, हा सराव सगळीकडे सांगितला जातो. तो वाईट नाही, पण पाच मिनिटांत कंटाळवाणा होतो, कारण उत्तराचे पुढे काही करायचे नसते. उत्तरावर काहीतरी अवलंबून असले पाहिजे. आमच्या भागात त्यासाठी गणपतीइतके सोयीचे निमित्त दुसरे नाही.

वर्गाचे पाच-सहा जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला एक काल्पनिक सार्वजनिक मंडळ समजावे. गटाला आठ कामे द्यावीत: मखर उभारणे, विजेच्या माळा जोडणे, ढोल वाजवणे, प्रसाद करणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे, रांगोळी काढणे, आरती म्हणणे आणि इंग्रजीतून पत्र लिहिणे. प्रत्येक काम ते खरोखर येणाऱ्या माणसाकडेच जायला हवे, आणि गटात तसे कोणी नसेल तर दुसऱ्या मंडळाकडे जाऊन 'कॅन एनीवन कीप अकाउंट्स?' असे विचारून माणूस मागून आणायला हवा. वाटाघाटी इंग्रजीत कराव्यात. मराठी शब्द वापरल्यास दंड वगैरे लावू नये, कारण मखर आणि आरती यांना इंग्रजी शब्द शोधत बसण्यात काही अर्थ नाही. शेवटी प्रत्येक गटाच्या एका प्रतिनिधीने उभे राहून कोणाला काय काम आणि का दिले, ते सांगावे. येथे 'ही कॅन', 'शी कॅन', 'दे कॅन' सगळे आपापल्या गरजेने येते. इंग्रजी पत्र लिहिण्याच्या कामाला बहुधा कोणी पुढे येत नाही, हे मी गृहीतच धरते. ते काम पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवते आणि तसे वर्गाला सांगतेही.

'येणे'च्या पलीकडे

चौथ्या वर्गात, कौशल्याची वाक्ये सहज येऊ लागल्यावर, 'कॅन'चे उरलेले मराठी अर्थ उघडावेत. येथे विद्यार्थ्यांना हरखून जाताना पाहणे हा शिक्षकाचा खरा आनंद असतो. कामावर जाता येणार नाही, हे साहेबांना कळवायचे असते: 'आज यायला जमणार नाही', म्हणजे 'आय कान्ट कम टुडे.' डॉक्टरांना सांगायचे असते: 'जिना चढवत नाही', 'झोप लागत नाही', म्हणजे 'आय कान्ट क्लाइम्ब द स्टेअर्स', 'आय कान्ट स्लीप.' आणि लोकलमध्ये फोनवर रोज सांगावे लागणारे 'आवाज येत नाहीये' हे 'आय कान्ट हिअर यू' असते. या शेवटच्या वाक्याचे 'युअर व्हॉइस इज नॉट कमिंग' असे शब्दशः भाषांतर मुंबईत इतके रुळलेले आहे, की आपापसांत ते सगळ्यांना कळते. परगावच्या माणसाला मात्र आवाज कुठून निघाला आणि कुठे अडला, असा प्रश्न पडतो. ही वाक्ये सुटी न शिकवता लहान संवादांत घालावीत: दोन जोड्या, एक फोन, तीन-तीन वाक्ये.

भूतकाळाची घाई करू नये, तरी कोणीतरी विचारतेच. तेव्हा शिक्षकाला उत्तर ठाऊक असावे. 'लहानपणी मला झाडावर चढता यायचं' येथे 'कुड' चालते. 'काल मला गर्दीतही गाडीत चढता आलं' या एका वेळच्या यशाला 'वॉज एबल टू' लागते. मराठीतला 'यायचं' आणि 'आलं' हा फरक इंग्रजीतल्या या फरकाशी बराच जुळतो, एवढे सांगून विषय थांबवावा. भविष्यासाठी 'विल कॅन' असे होत नाही, 'विल बी एबल टू' होते, हे वाक्य कोणाच्या तोंडी आले तरच सांगावे.

तपासणी

लेखी परीक्षेत हा विषय तपासू नये. रिकाम्या जागी 'कॅन' भरणे सर्वांनाच जमते आणि त्यातून काही कळत नाही. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषाकौशल्याच्या सामाईक चौकटीत ए-१पासून सी-२पर्यंतच्या सहा पातळ्यांचे वर्णन शिकणारा काय करू शकतो, अशाच वाक्यांनी केलेले आहे. तीच कल्पना घरगुती स्वरूपात वापरता येते: प्रत्येक विद्यार्थ्याने वहीच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत आपल्याला काय काय बोलता येते, याची 'आय कॅन'ने सुरू होणारी यादी ठेवावी आणि दर महिन्याला त्यात भर घालावी. 'आय कॅन से माय ॲड्रेस', 'आय कॅन आस्क द प्राइस' अशी पाच-सहा वाक्ये झाली, की ती यादी शिकवण्याचा आराखडा म्हणून शिक्षकाच्याही कामी येते.

मुख्य तपासणी मात्र फोनवर करावी. आधी वेळ ठरवून प्रत्येक विद्यार्थ्याला रोजच्या गोंगाटातच फोन करावा, मग तो दादरच्या पुलावर असो वा बसच्या थांब्यावर. त्याच्या यादीबाहेरचे सहा प्रश्न 'कॅन यू'ने विचारावेत, आणि नंतर त्याने शिक्षकाला तीन प्रश्न विचारावेत. दोघांनीही ऐकलेली उत्तरे होकार आणि नकार अशा दोन रकान्यांत लिहून ठेवावीत. पुढच्या वर्गात दोन्ही कागद शेजारी ठेवले, की कोणाचा नकार होकार म्हणून ऐकला गेला ते लगेच दिसते, आणि त्या वर्गाची सुरुवात पाठीला पाठ लावूनच करावी लागते.